भाड्याचा कोट चालेल, पुस्तक मात्र घरचे करा



मार्च महिना सरत आला की आमच्याकडे एकच विचारणा सुरू होते. "ताई, चौदा एप्रिलला वेशभूषा ठेवलीय, पोराला बाबासाहेब करायचंय. कोटाचं काय करू? चष्मा कुठं मिळंल? हातात पुस्तक कसलं देऊ?" कोटाचे उत्तर सोपे आहे. कोट भाड्याने मिळतो, शेजारी मागितला तर मिळतो, मोठ्या भावाचा आखूड झालेला मिळतो. चष्म्याचे आणि पुस्तकाचे उत्तर मात्र आमच्यापाशीही नव्हते. ते एका पोराच्या रडण्यातून सापडले, आणि त्या रडण्याला आम्हीच कारण होतो. म्हणून आधी ते सांगतो.

गेल्या वर्षी विहारासमोरच्या मंडपात मुलांची स्पर्धा होती. आमच्याच गल्लीतला पाच वर्षांचा मुलगा बाबासाहेब झाला होता. वडील नाक्यावर रंगकामाला उभे राहतात, आई डबे भरण्याच्या कामाला जाते. तरी हौसेने अडीचशे रुपये भाडे आणि पाचशे अनामत भरून कोट, पँट, टाय सगळे आणले. पुस्तक नव्हते. तेव्हा आम्ही मोठ्या तोऱ्यात आमच्या कपाटातले संविधान काढून दिले. शिवाजी पार्कवरून सहा डिसेंबरला आणलेले, जाड बांधणीचे. खोटे पुस्तक कशाला, खरेच असू द्या, असे म्हणून दिले.

पोर स्टेजवर गेले. उजवा हात वर, बोट पुढे, डाव्या काखेत संविधान. उभे राहिले बघा अगदी पुतळ्यासारखे! पण निवेदकभाऊंनी मध्येच देणगीदारांची नावे वाचायला घेतली. नावे संपेनात. पोराचा उजवा हात थरथरू लागला, डावा खाली घसरू लागला, आणि पुस्तक धप्पकन स्टेजवरून खाली पडले. "अरे, संविधान पाडलं!" कुणीतरी ओरडले. कुणी हसले. आईने धावत जाऊन पोराला ओढून खाली आणले आणि लाजेपोटी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

पोराचे काय चुकले? दुसऱ्या दिवशी आम्ही ते पुस्तक किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवले. दीड किलोला थोडे कमी. पाच वर्षांच्या मुलाने ते काखेत धरून दहा मिनिटे उभे राहायचे, ही अपेक्षाच चूक. ते पोर नंतर कित्येक महिने रविवारच्या बालवर्गाला आले नाही. आईने विचारले तर म्हणायचे, "तिथं सगळे म्हणतील, यानं संविधान पाडलं."

हे ऐकून आम्हाला झोप लागली नाही. तेव्हाच ठरवले की पुढच्या वर्षी पोराच्या हाताला पेलेल असे पुस्तक आपण स्वतः करायचे.

आणि यंदा ते करायला घेतले एका पोरीसाठी. तिचीही कथा आहे. पोर सहा वर्षांची, पहिलीत जाणारी. आई चार घरची धुणीभांडी करते, घरी आजी सांभाळते. मंडळाचे भाऊ नावे लिहून घ्यायला आले तेव्हा पोर म्हणाली, "मी बाबासाहेब होणार." भाऊ समजुतीने म्हणाले, "बाळा, तू रमाई हो. नाहीतर सावित्रीमाई हो. बाबासाहेब पोरं होतात." पोर हिरमुसली. आई गप्प बसली, कारण मंडळाच्या माणसाला उलट काय बोलायचे? आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊ, रमाई माझी आई हाय, सावित्रीमाई माझी आई हाय. त्या व्हायला पोरगी कवा पण तयार हाय. पण वकील पोरीबी होत्यात ना आता? मग लिवा तिचं नाव बाबासाहेब म्हणून." भाऊंनी लिहिले. भाऊ माणूस भला, त्यांच्या कधी डोक्यात आले नव्हते इतकेच.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. काही जुनी माणसे म्हणतात, बाबासाहेबांचे सोंग काढू नये. त्यांचे म्हणणे आम्हाला पटते, शब्दापुरते तरी. सोंग काढायचे नाही, भूमिका करायची. फरक एवढाच की सोंगाला कपडे पुरतात, भूमिकेला माहिती लागते. मूल स्टेजवर गेले आणि परीक्षकांनी विचारले, "हातात काय आहे?" तर त्याला सांगता आले पाहिजे. ते कसे, हे पुढे येईलच.

आता पुस्तक. बाबासाहेबांच्या पुतळ्यांत संविधान हातात असतेच. दिल्लीला संसदेच्या आवारातला मोठा ब्राँझचा पुतळा शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडवला. २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. त्यातही हात पुढे आणि काखेशी पुस्तक. गावोगावचे पुतळे बहुतेक याच धाटणीचे. खरी मूळ प्रत मात्र काखेत मावणारी नव्हे. ती हाताने लिहिलेली आहे, चांगली लांबरुंद. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी सुलेखनात लिहिली, हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी. पानांवरची चित्रे नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या शिष्यांची. तेव्हा आपण करतो ते पुतळ्यातले पुस्तक, मूळ प्रतीची नक्कल नव्हे, हे मुलालाही सांगावे.

थर्माकोलचे करावे असे पुष्कळांना वाटते. करू नका. सजावटीच्या थर्माकोलवर आपल्या राज्यात २०१८ साली बंदी आली. शिवाय त्याचे बारीक दाणे घरभर होतात आणि ते गटारात जाऊन बसतात. आपल्याकडे आता पुठ्ठ्याला तोटा नाही. किराणा दुकानदाराकडे बिस्किटांची खोकी पडलेली असतात, पार्सलची खोकी तर घरोघरी येतात. मधे नागमोडी कागद असलेला तो पुठ्ठा घ्यावा. हलका असतो आणि ताठ राहतो.

मापे सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हाताला धरून देतो. लहानाला थोडी कमी करा. पुठ्ठ्याचे दोन तुकडे ९ इंच उंच आणि साडेसहा इंच रुंद कापा. ही पुढची-मागची पाने. तिसरा तुकडा ९ इंच उंच आणि पावणेदोन इंच रुंद. ही पाठ. आतल्या पानांच्या जाडीसाठी दीड इंच रुंदीची आणि साडेतीस इंच लांबीची एक पट्टी लागेल. एवढा लांब पुठ्ठा नसेल तर दोन तुकडे जोडा, काही बिघडत नाही. पट्टी कापताना एक बघा. पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी रेघा पट्टीला आडव्या आल्या पाहिजेत, म्हणजे पट्टी सरळ रेषेत मोडते. उभ्या आल्या तर मोडताना पुठ्ठा सुरकुततो आणि कोपरा गोल होतो. आमची पहिली पट्टी अशीच वाया गेली.

कापायला कटर लागेल. तो मोठ्या माणसाने चालवावा, खाली जुना पाट ठेवावा. मुलाला रेघ मारू द्या, खळ लावू द्या. मुलाने हात लावला नाही तर ते पुस्तक त्याचे कसे होणार?

चिकटवायला मैद्याची खळ पुरते. दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात गार असतानाच कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मग मंद आचेवर ढवळत राहायचे. पारदर्शक चकाकी आली की उतरवा. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद टाकत. मोरचूद विषारी आहे. मुलांच्या वस्तूत तो अजिबात टाकू नका. लहान मुलाचा हात कधी तोंडात जाईल सांगता येत नाही. खळ त्या दिवशीची त्या दिवशी वापरावी आणि पुस्तक पंख्याखाली नीट वाळवावे, म्हणजे कीड-बुरशी लागत नाही. जिथे जोर येतो, म्हणजे आतली चौकट आणि इलॅस्टिक, तिथे मात्र फेविकॉल घ्या. दहा रुपयांची पुडी पुरते.

वरच्या आवरणाला निळा कागद घेतला तर कोपऱ्यांवर फाटतो. आम्ही निळे सुती ब्लाऊजपीस घेतले. कुणाच्या तरी ओटीतले, रंग आवडला नाही म्हणून ट्रंकेत पडलेले ब्लाऊजपीस प्रत्येक घरात एक तरी असतेच! त्यातून ११ इंच उंच आणि साडेसतरा इंच रुंद तुकडा कापा. तो पालथा पसरून त्यावर पुढचे पान, मधे पाठ, मग मागचे पान असे खळ लावून ठेवा. पान आणि पाठ यांच्यात पाव इंच जागा मोकळी सोडायची. ही जागा सोडली नाही तर पुस्तक मिटत नाही. मिटवले तर कापड ताणून पुठ्ठा वाकतो. चारी बाजूंना इंचभर कापड उरेल, ते आत दुमडून चिकटवा. कोपऱ्याचे कापड तिरके कापले म्हणजे तिथे जाडी येत नाही. वर पोळपाट ठेवून रात्रभर दाबून ठेवा. आमच्याकडे पोळपाटावर तांदळाचा डबाही ठेवला होता.

सकाळी सगळ्यात महत्त्वाचे काम. मागच्या पानाला मध्यावर दोन उभ्या चिरा द्यायच्या, मुलाची चार बोटे मावतील एवढ्या अंतरावर. त्यांतून इंचभर रुंदीचे इलॅस्टिक ओवायचे. बाहेरच्या बाजूला बोटे जातील असा पट्टा आला पाहिजे आणि दोन्ही टोके आत. टोके आतून फेविकॉलने चिकटवून स्टेपलर मारा, पिनांची टोके ठोकून सपाट करा आणि वर कागद चिकटवा. झाले. आता मुलाने डाव्या हाताची बोटे पट्ट्यात घातली की पुस्तक त्याच्या हाताचाच भाग. समोरच्याला पट्टा दिसत नाही. हात थरथरला तरी पुस्तक पडत नाही. गेल्या वर्षी एवढे पाच रुपयांचे इलॅस्टिक आमच्या डोक्यात आले असते तर!

मग पट्टी. सव्वासहा इंचावर, पावणेपंधरावर, एकवीसवर आणि साडेएकोणतीसवर फूटपट्टीच्या कडेने मोडायची. उरलेला इंच जोडायला. पट्टीची चौकट होईल, साडेआठ इंच उंच आणि सव्वासहा इंच रुंद. तिच्या बाहेरच्या अंगाला पांढरा कागद चिकटवून शिसपेन्सिलीने बारीक रेघा ओढा. लांबून अगदी पुस्तकाच्या पानांसारख्या दिसतात. रेघा थोड्या वाकड्या आल्या तर जास्त खऱ्या दिसतात, म्हणून हे काम पोरीला दिले. तिने जीभ बाहेर काढून अर्धा तास रेघा ओढल्या. चौकट मागच्या पानाच्या आत चिकटवा. पुढचे पान झाकणासारखे उघडते राहील. ते आपोआप उघडू नये म्हणून एक टिचबटण लावा.

वर नाव. मिठाईच्या खोक्याचा किंवा लग्नपत्रिकेचा सोनेरी कागद घेऊन अक्षरे कापावीत. 'भारताचे संविधान' एवढेच पुरे. आणि अनुस्वार विसरू नका. आम्ही अक्षरे मोठ्या कौतुकाने चिकटवली, दाराशी वाळत ठेवली, तर रस्त्याने जाणारे निवृत्त गुरुजी चष्मा वर करून म्हणाले, "ताई, सविधान म्हणजे काय हो?" 'सं'वरचा टिंब राहिला होता! मग आमची टिकली उपयोगी पडली. सोनेरी टिकली 'स'च्या डोक्यावर लावली, ती अजून तिथेच आहे.

तयार पुस्तक पुन्हा त्याच काट्यावर ठेवले. दीडशे ग्रॅमसुद्धा भरले नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, आता पुस्तकं पण किलोवर का?"

आता खरा प्रश्न. हे पुस्तक आतून पोकळ आहे. झाकण उघडले तर रिकामे खोके. आजीने ते पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "वरून संविधान आन आत काईच न्हाई? आसं नको बाय." आजीला वाचता येत नाही. पण तिचे म्हणणे आमच्या मनाला लागले. शालेय पाठ्यपुस्तकांत सुरुवातीलाच संविधानाची उद्देशिका छापलेली असते. मोठ्या भावाचे मागच्या इयत्तेचे पुस्तक रद्दीत जायचे होते, त्यातले ते पान काढले आणि चौकटीच्या आत, मागच्या पानावर चिकटवले. झाकणाच्या आतल्या बाजूला एका कागदावर तीन तारखा लिहिल्या. मूल विसरले तर झाकण उघडून बघेल.

त्या तारखा अशा. २९ ऑगस्ट १९४७ रोजी घटना समितीने मसुदा समिती नेमली, बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले. २६ जानेवारी १९५० पासून ते अमलात आले. सहा वर्षांच्या मुलाला एवढे पुष्कळ. आठवी-नववीचे मूल असेल तर त्याला आणखी सांगावे की मसुदा समितीत सात जण होते. ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णमाचारी यांनी घटना समितीच्या सभागृहात सांगितले की त्यांतले एक राजीनामा देऊन गेले, एकाचे निधन झाले, एक अमेरिकेत होते, कुणी संस्थानांच्या कामात गुंतलेले, कुणी दिल्लीपासून दूर, आणि शेवटी मसुद्याचा भार डॉ. आंबेडकरांवर पडला. घटना समितीच्या सभागृहातच बोललेले हे बोल, म्हणून त्यांना वजन. आणि स्वीकारले तेव्हा संविधानात ३९५ कलमे आणि ८ परिशिष्टे होती, हेही त्याला पाठ करायला हरकत नाही.

चष्म्याचे थोडक्यात सांगतो. बाजारात मुलांचे खेळण्यातले चष्मे मिळतात, पण ते रंगीत काचांचे, आणि पोर त्यात सिनेमातले दिसते. बाबासाहेबांचा चष्मा गोल. बांधकामावर सळया बांधायला काळी मऊ तार वापरतात. आपल्यातले किती जण त्या कामावर आहेत! दीड मीटर तुकडा मागून आणा. तो दुहेरी करून पीळ द्या. मधोमध नाकासाठी दोन सेंटीमीटर जागा सोडून दोन्ही बाजूंना टॉर्चच्या मोठ्या सेलवर तार दीड वेढा गुंडाळा. एक वेढा दिला तर तार पुन्हा नाकाशी येते, दीड दिला म्हणजे कानाच्या बाजूला निघते. तिथून काटकोनात मागे वळवा. डोळ्यापासून कानापर्यंतचे माप दोऱ्याने घ्या आणि कानामागे वळायला दोन बोटे जास्त ठेवा. टोके मात्र कापून तशीच सोडायची नाहीत. आत वळवायची आणि सगळ्या तारेवर वायरमनची काळी टेप घट्ट गुंडाळायची, म्हणजे टोचत नाही आणि फ्रेमही जाड दिसते. काच किंवा जिलेटीन लावू नका. स्टेजच्या पायऱ्या मुलाला नीट दिसल्या पाहिजेत, आणि फोटोत काचेवर उजेड चमकून डोळे दिसत नाहीत.

कोट? पोरीच्या आईने ज्या घरी काम करते तिथल्या मुलाचा शाळेचा जुना ब्लेझर मागून आणला. गडद निळा, खिशावर शाळेचा बिल्ला. बिल्ला उसवला, त्या जागी दोन पेने लावली. बाबासाहेबांच्या खिशाला पेन हवेच. बाह्या लांब होत्या, त्या आतून टाके घालून आखूड केल्या. टाके मोठे घातले, म्हणजे परत करताना उसवता येतील. सगळा हिशेब केला तर इलॅस्टिक, टिचबटण, फेविकॉल, टेप आणि मैदा मिळून साठ रुपयांच्या आत काम झाले. पोरीच्या आईने तेवढे पैसे पदराच्या गाठीतून सोडून आमच्या हातावर ठेवले. घ्यायचे नव्हते, पण तिचा चेहरा पाहून घेतले.

१३ तारखेच्या संध्याकाळी मंडप भरला. स्टेजच्या बाजूला मुलांची रांग. तीन बाबासाहेब, दोन रमाई, एक जोतिबा, एक सावित्रीमाई, आणि एक सम्राट अशोक, ज्याची दाढी त्याच्या मिशीआधी सुटली होती. गेल्या वर्षीचे ते पोरही आले होते, पण भाग घेतला नव्हता. पडदा ओढायचे काम मागून घेतले होते त्याने. आईने सांगितले, "स्टेजवर नको म्हणतो, पण जवळ राहायचंय."

पोरीचे नाव पुकारले. पुरुष मंडळींत जरा कुजबुज झाली, "पोरगी?" पोर गेली, उभी राहिली. निवेदकभाऊंनी यंदाही मधेच देणगीदारांची यादी काढली, आमच्या पोटात गोळा आला! चार नावे, सहा नावे, आठ नावे. पोरीचा उजवा हात खाली आला, तिने तो परत वर केला. चष्मा नाकावर घसरला. पुस्तक जागचे हलले नाही.

मग परीक्षकबाईंनी विचारले, "काय आहे तुझ्या हातात?"

"संविधान."

"आत काय आहे?"

आम्ही हे शिकवले नव्हते. पोरीने बोटे पट्ट्यातून सोडवली, पुस्तक दोन हातांत धरले, टिचबटण टच्च उघडले आणि माईकसमोर वाचायला लागली. पहिलीत जाणारे मूल, अक्षर अक्षर लावत वाचणार. 'आम्ही' हा पहिला शब्द खणखणीत आला. पुढचेही आले. आणि 'सार्वभौम'पाशी गाडी अडली. सा... र्... साव... मंडप शांत. पोरीने आमच्याकडे पाहिले, आम्ही पार मागे, हाक पोचणार नाही.

तेवढ्यात पडद्याच्या मागून आवाज आला, "सार्वभौम!" पडद्याची दोरी हातात धरलेले गेल्या वर्षीचे ते पोर. त्याच्या शाळेत रोज परिपाठाला म्हणतात, त्याला तोंडपाठ होते. मग पोरगी अडेल तिथे तो सांगे, ती म्हणे. असे करत दोघांनी मिळून शेवटपर्यंत नेले. आजी पहिल्या रांगेत सतरंजीवर बसली होती. ती शेवटपर्यंत हात जोडून होती.

बक्षीस मिळाले नाही. पहिला नंबर सावित्रीमाईला गेला आणि तो योग्यच होता, तिने भाषण छान केले. पोरीला उत्तेजनार्थ कंपासपेटी मिळाली. निवेदकभाऊ खाली आल्यावर आम्ही त्यांना एका बाजूला घेऊन देणगीदारांच्या यादीबद्दल काय सांगायचे ते सांगितले. पुढच्या वर्षी यादी फलकावर लिहितो म्हणाले. बघू.

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीच्या आधी ते पोर आमच्या दारात आले. हातात सुतळीचा तुकडा. म्हणाले, "मावशी, तिचं पुस्तक मोजायचंय. मला थोडं मोठं लागंल, मी आता सहा वर्षांचा झालो." आम्ही पुस्तक काढून दिले. त्याने सुतळी लावून उंची मोजली, रुंदी मोजली, प्रत्येक मापाला गाठ मारली. मग पालथे करून पट्ट्यात बोटे घातली, हात खाली सोडला आणि दोन-तीनदा जोरात हलवून पाहिला.

"पडत नाही," तो म्हणाला, आणि खोका मागायला किराणा दुकानाकडे पळाला.